‘वन’ची भावकी

माझ्या सासऱ्यांच्या खळ्यावर भात मापत असताना मी मोठ्याने ‘एक’ म्हणालो.

एवढंच. कुणाला शिवी दिली नाही, राशीला चपलेचा पाय लावला नाही. पण मापणाऱ्याच्या हातातली पायली तिथंच थबकली आणि माझी मेहुणी तोंडाला पदर लावून घरात पळाली. आमच्या महाड-पोलादपूरकडे भाताची पहिली पायली भरली की ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. हे मला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. जन्म महाडचा, सासर पोलादपूरच्या पुढचं, भात खाऊनच वाढलेलो. पण त्या दिवशी मी सोबत एक पाहुणा आणला होता आणि त्याच्यासमोर मला मास्तरकीची उबळ आली. मापणारा ‘लाभ’ म्हणाला तसा मी ओरडलो, “लाभ काय हो, सरळ एक म्हणा की, एक!”

सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, ओतलेली पायली पुन्हा राशीत टाकायला लावली. “पयल्यापासनं घ्या,” ते म्हणाले. “जावाय शिकलेलं हायेत.”

पाहुणा म्हणजे आमच्या हायस्कुलातले गमरे सर. ते इंग्रजी शिकवायचे. मीही इंग्रजीच शिकवतो. माझ्या सासरची बागायत आणि भरलेलं खळं त्यांनी एकदा पाहावं, म्हणून मीच त्यांना गाडीवर मागे बसवून नेलं होतं. खळ्याच्या कडेला दगडावर ते बसले होते. माझी फजिती झाली तेव्हा ते हसले नाहीत. हसले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. ते उठले, पँट झटकली, तात्यांजवळ गेले आणि म्हणाले, “पण तात्या, ‘एक’ का नाय म्हणायचं?”

लग्नापासून तात्या माझ्याशी ‘कधी आलात’ आणि ‘कधी निघणार’ यापलीकडे बोलले नव्हते. त्या माणसाने खांद्यावरचं फडकं झाडून बैठक मारली.

“एक म्हनलं की रास आयकते,” ते म्हणाले. “तिला वाटतं, एवडीच का मी? मंग ती तितंच थांबते. एकाला कोन मागं-फुडं नसतो ना.”

“बरोबर हाय,” गमरे म्हणाले. “इंग्रजांचं पण तसंच. त्यांचा ‘वन’ नुसता उभा राहिला की त्याचा ‘अलोन’ होतो. ऑल वन. सगळा मिळून एकच, म्हणजे एकटा.”

“आयला! म्हंजी त्यांचीपन खळी व्हती काय?”

“असणार की. भात नसंल, गहू असंल.”

तात्या खदाखदा हसले. माझ्या बायकोनेही त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. जेवायला बसताना त्यांनी गमऱ्यांना आपल्या शेजारी पाट दिला. मला पलीकडे, पोरांच्या ओळीत.

परत येताना पोलादपूरच्या नाक्यावर चहाला थांबलो. मी धुमसत होतो. गमरे बशीतला चहा फुंकत म्हणाले, “उतेकर, माझा आजा अशाच खळ्याच्या बाहेर उभा असायचा. आतला ‘लाभ’ त्याला ऐकू यायचा. शेवटी त्याच्या फडक्यात जे पडायचं त्याला मात्र आकडा नव्हता. आज मी आत बसून विचारलं, असं का म्हणता म्हणून.” मग बशी खाली ठेवून, “बरं वाटलं.”

अशा वेळी भल्या माणसाच्या मनात काहीतरी भलं यावं. माझ्या मनात आलं, हे आता उद्या हा वर्गात सांगणार आणि पोरं डोळे पुसणार.

त्यांनी ते वर्गात कधीच सांगितलं नाही. मी दोन वर्गांमधल्या पार्टिशनला कान लावून होतो, म्हणून खात्रीने सांगतो.

मनात मी त्यांना कायम अरे-तुरे केलं आणि तोंडावर अहो-जाहो. इथे लिहितानाही ‘ते’ लिहितोय. वाचणाऱ्याने आतला ‘तो’ ओळखून घ्यावा.

गमरे नाते गावाकडचे. बुटके, रुंद, आणि आमच्याकडच्या चिखलातही पांढरी पँट घालणारे. मिशीवरून हात फिरवायची सवय, हाताला खडू, त्यामुळे मिशी तासाला काळी आणि मधल्या सुट्टीत पांढरी. नम्रता हा गुण त्यांच्या आसपासही फिरकला नव्हता. तास संपला की स्टाफरूममध्ये येऊन खुर्चीत अंग टाकायचे आणि म्हणायचे, “आज असा शिकवलाय ना मी, उतेकर, मलाच बाकावर जाऊन बसावंसं वाटलं.”

मी वर्तमानपत्र वर धरायचो.

“काय शिकवलं, सांगू का? जाऊ दे. तुम्हाला झेपायचं नाय.”

मग सगळं सांगायचे. माझ्या डब्यातली सुकट खात खात.

आणखी एक त्रास म्हणजे स्टाफरूममध्ये ते स्वतःला ‘मी’ म्हणत नसत, ‘वन’ म्हणत. इंग्लंडातली बडी माणसं म्हणे असंच बोलतात. “वनला भूक लागलीय.” “वनला खिडकीजवळची खुर्ची हवी.” आधी सगळे हसले. मग सवय झाली. शेवटी शिपाई चहा आणताना विचारू लागला, “उतेकर सर, तुम्हाला साखर? आणि वनला?” मी पण एकदा प्रयोग करून पाहिला. “वनला साखर नको,” असं म्हणालो. शिपायाने माझा कप गमऱ्यांच्या पुढे ठेवला.

आता त्यांची शिकवण्याची तऱ्हा सांगायला हवी, कारण माझं सगळं दुखणं तिथे आहे.

आठवीच्या दोन तुकड्या. ‘अ’ माझ्याकडे, ‘ब’ त्यांच्याकडे. जून महिन्यात मी पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचो. गमरे पुस्तकाला हात लावायचे नाहीत. फळ्यावर एकच शब्द लिहायचे, ‘वन’, आणि म्हणायचे, “हा माणूस तुम्हाला ओळखीचा वाटतो ना? बालवाडीपासून बघताय. याचं घर कुठं, भाऊबंद कोण, ठाऊक हाय? नाय ना? मग कसली ओळख!”

आमच्याकडे माणसाची ओळख म्हणजे त्याची भावकी. कोण कुणाचा चुलता, कोणाचं घर वरच्या आळीला गेलं, कोण मुंबईला जाऊन आडनाव वेगळं लावू लागला, हे पोरांना दुधाबरोबर मिळतं. गमऱ्यांनी इंग्रजी शब्दाची भावकी लावली. रोज एकच नातेवाईक. एका दिवशी दुसरा आला तर त्याला “उद्या या” म्हणून परत पाठवायचे, खरोखर फळ्याकडे हात जोडून.

एक दिवस ‘अॅन’ आणि ‘अ’. “हा ‘वन’च. घरातला कर्ता माणूस. येईल त्या शब्दाच्या पुढं उभा राहून राहून झिजला बिचारा. आधी ‘अॅन’ उरला, मग नुसता ‘अ’.” एक दिवस ‘इलेव्हन’. पोरांना दहा बोटं वर करायला लावायची. “मेंढरं मोजताना बोटं संपली. मेंढरू राहिलं. किती? एक उरलं. वन लेफ्ट. तेच झिजून ‘इलेव्हन’. आता सांगा, आपल्या अकराच्या पोटात कोण लपलाय?” पोरं ओरडायची, “एक!” मग ‘एकोणीस’ निघायचा, विसाला एक उणा म्हणून रुसलेला. त्या दिवशी गणिताच्या मास्तरांचाही तास त्यातच गेला आणि ते तक्रार करायच्या ऐवजी मागे बसून राहिले.

घरचा अभ्यास असायचा तो असा: “‘वन’चाच भाऊ ‘ओन्ली’, त्याला घरी शोधून या.” दुसऱ्या दिवशी शिवथरकडची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, आमच्याकडं आजी ‘ओन्ली’ हाय. सगळी मुंबईला.” गमरे म्हणाले, “मग आज घरी गेलीस की तिच्याशी बोल गो. म्हणजे ती ‘वन ऑफ अस’ होईल.”

हे सगळं मला ऐकू यायचं, कारण दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, फळ्यांचं पार्टिशन होतं. आणि मला ऐकू यायचं तर माझ्या वर्गालाही यायचं. मी धडा वाचतोय, पलीकडून गमरे विचारतायत, “‘नन’ म्हणजे ‘नॉट वन’. आता त्यात कोण मेलाय?” आणि माझी पोरं, माझ्याकडे बघत, माझ्या वर्गात बसून एका सुरात ओरडतायत, “वन!”

एकदा माझ्या एका मुलाने उत्तर देताना ‘नाय’ म्हटलं. मी म्हणालो, “नाही म्हण, नाही. इंग्रजी शिकायचं तर आधी मराठी शुद्ध हवी.” पलीकडचा आवाज थांबला. मग आला, जरा मुद्दाम मोठा: “पोरांनो, ‘वन’ला व कुठून आला माहीत हाय? लिहिण्यात नाय, बोलण्यात हाय. इंग्लंडात पश्चिमेकडच्या खेडुतांनी आणला. बाकीचे सगळे तेव्हा ‘ओन’सारखं काहीतरी म्हणायचे. हसले असतील खेडवळांना. मग काय झालं? हसणारेच ‘वन’ म्हणायला लागले. ‘ओन्ली’ आणि ‘अलोन’ तेवढे जुन्या बोलीत राहिले. तेव्हा घाबरू नका. तुमच्या ‘नाय’चा पण दिवस येईल.”

माझ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मग पूर आला. आमच्या स्टाफरूमच्या भिंतीवर त्याची मातकट रेघ अजून आहे, माझ्या डोक्याच्या वर. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा बाकं नव्हती, फळे फुगले होते, पुस्तकांचा लगदा झाला होता. माझी गाईडं, वर्षानुवर्षं जमवलेल्या प्रश्नपत्रिका, सगळं सावित्री नदीत गेलं. वर्गासमोर उभा राहिलो आणि मला कळलं की माझ्याकडे शिकवायला काही उरलेलं नाही. गमऱ्यांचं मात्र काहीच वाहून गेलं नव्हतं. त्यांचा एक शब्द होता तो तोंडात होता.

त्यांनी दोन्ही तुकड्या ओल्या व्हरांड्यात एकत्र बसवल्या. मला विचारलंही नाही. मीही पोरांच्या मागे उभा राहिलो. त्या दिवशी त्यांनी भावकी बाजूला ठेवली. एकेकाला विचारत गेले, घरातली एक वस्तू सांग, जी राहिली. कुणी म्हणे वन कढई. कुणी वन कोंबडी. एक मुलगा म्हणाला, “सर, काय नाय राहिलं. नन.” गमरे म्हणाले, “तू राहिलास ना रे? मग ‘नन’ कसं? पुन्हा मोज.” त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, “वन.” व्हरांडाभर पोरं हसली, बऱ्याच दिवसांनी. मलाही हसू आलं. मी खोकल्याचं निमित्त केलं.

माझी मुलगी ऋतुजा त्याच जूनमध्ये आठवीत आली होती. ‘अ’ तुकडीत, म्हणजे माझ्या. व्हरांड्यातल्या त्या दिवसानंतर एका संध्याकाळी ती जेवताना म्हणाली, “बाबा, मला ‘ब’मध्ये जायचंय.”

“का? ‘अ’मध्ये काय कमी आहे?”

ती वरण-भात कालवत राहिली. माझी बायको सुलभा म्हणाली, “अहो, तिला विचारता काय. ती काय कमी आहे हे सांगेल आणि तुम्हाला झोप लागायची नाही.”

मी मुदत मागितली. “आठ दिवस दे. तोपर्यंत ‘अ’मध्ये बसून बघ. नाही पटलं तर जा.” आयुष्यात परीक्षेला इतका घाबरून बसलो नव्हतो. मुलगी दुसऱ्या तुकडीत जाणं म्हणजे काय, हे शाळेत न शिकवणाऱ्याला सांगून कळायचं नाही. सगळ्या महाडने माझ्याबद्दल काहीही म्हणावं, पण माझ्या घरातल्या माणसाने ते हजेरीपटावरून जाहीर करावं, हे मला सोसणार नव्हतं.

मी ‘टू’ निवडला. ‘वन’ उचलणं बरं दिसलं नसतं आणि ‘टू’ हा ‘वन’च्या पुढचा, असाही एक क्षुद्र विचार त्यात होता. सगळी भावकी जमवली. ‘ट्विन’, ‘ट्वाइस’, ‘ट्वेल्व्ह’ म्हणजे दहावर दोन उरले तो, ‘ट्वेंटी’, ‘बिट्वीन’, ‘ट्विस्ट’, दोन उजेडांच्या मधला ‘ट्वायलाइट’. मी स्वतःच चकित झालो. वाटलं, यात गमऱ्यांचं काय विशेष, डिक्शनरी तर सगळ्यांचीच आहे.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा पहिल्या बाकावर. मी फळ्यावर ‘टू’ लिहिला आणि सुटलो. पहिल्या दहा मिनिटांत सगळे नातेवाईक आणून झाले. मुलं बघत होती. तास उरला होता अर्ध्याहून जास्त आणि माझ्याजवळ काही नव्हतं. तेव्हा मी घाबरलो आणि घाबरलो की मी जे करतो ते केलं. म्हणालो, “सगळे शब्द लिहून घ्या. उद्या चाचणी.”

पहिल्या बाकावरून ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं. सुलभा करपलेल्या पातेल्याकडे बघते तशी.

पार्टिशनच्या पलीकडे आज आवाज नव्हता. गमऱ्यांनी आपला वर्ग थांबवून माझा ऐकला होता. मधल्या सुट्टीत ते माझ्यासमोर बसले. मी वाट बघत होतो की आता म्हणतील, ही माझी तऱ्हा चोरलीत. तेवढं म्हणाले असते तर भांडता आलं असतं.

“शब्द सगळे बरोबर होते,” ते म्हणाले. “पण उतेकर, आख्खी भावकी एकदम दारात आणून उभी केलीत. पोरांनी पाणी कुणाकुणाला द्यायचं?”

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

त्यांची एक भली मोठी काळी छत्री होती आणि दोन मुलं भांडली की त्या दोघांना मधल्या सुट्टीभर त्या छत्रीखाली पटांगणात उभं करायची त्यांची शिक्षा होती. पाऊस असेल तर भांडणारे एकमेकांना चिकटत, नाहीतर खांदा भिजे. हे ‘अॅटोन’ म्हणे. अॅट वन, म्हणजे भांडण मिटवून पुन्हा एका जागी येणं. माझा अबोला सुरू झाल्यावर एका धो-धो संध्याकाळी ते फाटकात छत्री उघडून उभे होते. “चला उतेकर, अॅटोन होऊ.” सगळी शाळा बघत होती. मी म्हणालो, “मला पाऊस आवडतो,” आणि भिजत घरी गेलो.

मला ताप आला. गमरे विचारपूस करायला घरी आले. सुलभाने त्यांना तळलेले बोंबील वाढले. मी आतल्या खोलीत गोधडीत पडून, दातांवर दात आपटत, ऐकत होतो. ऋतुजा त्यांना विचारत होती, “सर, मग ‘सम वन’ आणि ‘एनी वन’ सख्खे की चुलत?” आणि ते सांगत होते, घास गिळून, अगदी सावकाश. ताप उतरल्यावर मी शाळेत गेलो आणि तुकडी बदलण्याच्या अर्जावर पालक म्हणून सही केली.

पुढे नववीलाही तुकड्या तशाच राहिल्या आणि तिच्या त्या दोन वर्षांत मी पार्टिशनकडे पाठ करून शिकवायला शिकलो. तिचा आवाज पलीकडून ओळखू यायचा. ती प्रश्न विचारायची. माझ्या वर्गात तिने एकदाही हात वर केला नव्हता.

गेल्या मे महिन्यात गमरे निवृत्त झाले. हॉल भरला होता. जुनी पोरं मुंबईहून, पुण्याहून आली होती. काहींना मीही शिकवलं होतं. ती मला पाहून ‘अरे, तुम्ही पण अजून इथंच?’ अशा प्रेमाने नमस्कार करत होती. ऋतुजाही पुण्याहून आली, तिथे ती एका कंपनीत कामाला आहे. येते म्हणून आम्हाला कळवलं नव्हतं. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते गमऱ्यांच्या पाया पडताना.

मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी चांगला बोललो असं मला वाटतं. गमऱ्यांनी भाषणाला उत्तर दिलं ते एवढंच: “मी फार चांगला मास्तर होतो. हे तुम्हाला माहीत आहेच. वनचा नमस्कार.” लोक उठून उभे राहिले.

बाहेर नाते गावाकडे जाणारी मिनिडोर रिक्षा उभी होती. गमरे ड्रायव्हरच्या शेजारी बसले, हार मांडीवर, पांढऱ्या पँटीवर गुलाल. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि गमऱ्यांनी त्याला काहीतरी विचारलं. त्याने गाडी बंद केली. मागे बसलेले ओरडायला लागले, “ओ, चला की!” गमरे बोलतच होते, हाताची बोटं पसरून, त्यातली एकेक मिटत. हळूहळू मागचं ओरडणं थांबलं. मागची माणसं पुढे वाकली. एका बाईने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. बऱ्याच वेळाने आतून सगळे एकदम हसले आणि गाडी निघाली. काय सांगत होते, ते मला कधीच कळणार नाही. मध्ये काच होती.

हॉलच्या पायऱ्यांवर मी आणि ऋतुजाच उरलो. तिचे डोळे ओले होते. माझीही दोन वर्षांत निवृत्ती आहे, ते एकदम आठवलं.

“माझ्या निरोपाला येशील ना गो?” मी विचारलं.

“तुमच्याला यायलाच लागेल, बाबा, मुलगी आहे तुमची,” ती नाक पुसत म्हणाली. “ह्यांच्याला मी सुट्टी टाकून आलेय.”